चिनी तारकांचे तीन चित्रपट: निवड चोख, व्यवस्था कच्ची

चिनी चित्रपटांचा महोत्सव म्हटला की तलवारी आणि भरजरी पोशाख ठरलेलेच असतात. वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ भरणाऱ्या आमच्या चित्रपट मंडळाने तो मोह टाळून, लोकप्रियतेच्या वलयाचे अभिनेत्री काय करते हे दाखवणारे तीनच चित्रपट लावले, आणि माझ्या मते वर्गणी तेवढ्यात वसूल झाली.

पहिला वू योंगगांग यांचा १९३४ चा मूकपट ‘द गॉडेस’. देहविक्रय करून मुलाला शिकवणाऱ्या आईची ही कथा सहज रडारडीकडे घसरली असती. पण शाळेच्या कार्यक्रमात मुलगा गात असताना आईची भूमिका करणाऱ्या रुआन लिंगयूच्या चेहऱ्यावर कौतुक मावत नाही आणि तिथेच इतर बायकांची कुजबुज सुरू होते, त्या प्रसंगात कुठेही ऊर बडवणे नाही. १९३५ मध्ये, खासगी आयुष्यावरून वर्तमानपत्रांनी उठवलेल्या गदारोळात, रुआनने चोविसाव्या वर्षी जीवन संपवले. दुसऱ्या चित्रपटात, स्टॅन्ली क्वान यांच्या ‘सेंटर स्टेज’मध्ये (१९९१), मॅगी चंग तिची भूमिका करते, आणि मध्येच भूमिका बाजूला ठेवून स्वतः मॅगी म्हणून दिग्दर्शकाशी बोलते. जुन्या चित्रफितींतली खरी रुआन शेजारी दिसत असूनही मॅगी नकलेच्या वाटेला जात नाही, हे तिचे मोठेपण. बर्लिन चित्रपट महोत्सवाचा अभिनयाचा पुरस्कार तिला १९९२ मध्ये मिळाला तो उगाच नव्हे.

त्याच वर्षी व्हेनिसला गाँग ली गौरवली गेली, ती तिसऱ्या चित्रपटासाठी, झांग यिमोऊ यांच्या ‘द स्टोरी ऑफ चिउ जू’साठी. जाडजूड कापसाचा अंगरखा, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, गरोदरपणातली अवघडलेली चाल आणि शान्शी प्रांताची बोली यांत तिचे प्रसिद्ध रूप पार झाकून गेले आहे. गर्दीतली काही दृश्ये लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली असल्यामुळे आजूबाजूच्या माणसांत ती सहज खपून जाते. नवऱ्याला लाथ मारणाऱ्या गावप्रमुखाने चूक कबूल करावी, एवढाच तिचा हट्ट, आणि तो ती आवाज न चढवता पुढे रेटते. तिघींत मला हीच सरस वाटली.

प्रत्येक चित्रपटाआधी वाटलेले मराठी टिपण नेमके होते आणि इंग्रजी उपशीर्षके वाचण्याचा कंटाळा असलेल्या ज्येष्ठ सभासदांना त्याचा मोठा आधार झाला. मूकपटाला जोडलेले संगीत मात्र कानठळ्या बसवणारे होते. पडदाही इतका खाली लावला होता की मागच्या रांगांतल्यांची अर्धी उपशीर्षके पुढच्यांच्या डोक्यांआड गेली; पुढच्या खेपेस तो हातभर वर घ्यावा.