लंडन ते पॅरिस, युरोस्टारने: वेळ नेमका कुठे जातो?

रेल्वेचा प्रवास जेमतेम सव्वादोन तासांचा, पण खरी परीक्षा लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनवरच होते. तिकीट स्कॅन, सामानाचा एक्स-रे आणि फ्रेंच पासपोर्ट तपासणी, सगळं गाडीत बसायच्या आधी. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी गेटं बंद होतात, म्हणून दीड तास हातात ठेवून निघा. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि प्रवेशाची नोंद लंडनमध्येच होते. पॅरिसला उतरलात की थेट बाहेर. परतताना ब्रिटिश व्हिसा पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरच तपासतात. तोही मल्टिपल एन्ट्री असलेलाच हवा.

विमानाच्या तुलनेत सामानाची चैन आहे: ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातातली, वजनाची अट नाही. मात्र उचलायच्या तुम्हालाच. डब्याच्या टोकाचे रॅक लवकर भरतात, त्यामुळे प्लॅटफॉर्म जाहीर होताच निघा. बहुतेक गाड्या १६ डब्यांच्या, सुमारे ४०० मीटर लांब. चीज किंवा हॅमचं सँडविच असेल तर ते उतरण्याआधी संपवा, ब्रिटनमधून मांस-दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत.

प्रतीक्षागृह गर्दीच्या वेळी अगदीच अपुरं पडतं, बसायला जागा मिळेलच असं नाही. ‘खिडकी’ म्हणून घेतलेल्या काही सीटांशेजारी तर निव्वळ भिंत असते! सीट प्लॅन नीट बघून निवडा. समुद्राखालच्या बोगद्याची वीस मिनिटं तशीही काळोखच. घड्याळ एक तास पुढे करायला विसरू नका.