मोंढ्याच्या हिशेबाला स्काला ३: वारसा पक्का, ‘एफ[_]’ जपून

लातूर-नांदेडकडं आडतीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला जावा येत असेल, तर स्काला ३ ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरून बघण्यासारखी आहे. पैसे लागत नाहीत. ३.५ आवृत्तीपासून ‘स्काला’ ही एकच कमांड कंपाइल, रन, लायब्ररी सगळं सांभाळते. पहिल्यांदा उतरवायला नेट लागतं, नंतर सगळं कॅशमधून उचललं जातं. रेंज गेली तरी काम अडत नाही. कमांड नवी असली तरी गिऱ्हाइकाच्या कामाला भाषेची ३.३ ही एलटीएस (जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी) मालिका घ्या; तीच कमांड तीही चालवते.

वारशाबद्दल (एका टाइपाखाली दुसरे टाइप येणं) तक्रार नाही. ‘माल’ हा सील्ड ट्रेट (ज्याचे उपप्रकार आधीच ठरलेले असतात असा मूळ टाइप), त्याखाली सोयाबीन, तूर, हरभरा. मॅच (कोणत्या प्रकाराला काय करायचं ते) लिहिताना हरभरा राहून गेला की कंपाइलर इशारा देतो. सोयाबीनची लिस्ट मालाची लिस्ट म्हणून चालते, कारण ती नंतर बदलत नाही; अ‍ॅरे चालत नाही, आणि तेच बरोबर. जावा अ‍ॅरेलाही होकार देते. मग सोयाबीनच्या अ‍ॅरेत तूर पडली की ऐन बाजारात प्रोग्राम अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन देऊन मोकळा!

हायर-काइंडेड टाइप, म्हणजे शीर्षकातला ‘एफ[_]’, स्कालात २००७ पासून आहेत. जावात, कोटलिनमध्ये नाहीत. साध्या जेनेरिकमध्ये ‘टी’च्या जागी पूर्ण टाइप बसतो: इंट, माल. ‘एफ[_]’च्या जागी लिस्ट, ऑप्शन (व्हॅल्यू असेल किंवा नसेल), फ्यूचर (व्हॅल्यू नंतर येईल) असे टाइप बसतात, ज्यांच्या आत काय आहे ते अजून सांगायचं असतं. त्यामुळे पट्टीचा हिशेब (वजन गुणिले भाव, वजा हमाली, तोलाई) एकदाच लिहायचा. भाव सर्व्हरवरून आणायचा तेव्हा एफ म्हणजे फ्यूचर. टेस्टमध्ये एफ म्हणजे ऑप्शन, ना नेट ना थांबणं. इदरला (चूक किंवा उत्तर, दोन्हींपैकी एक) दोन जागा असतात, म्हणून एक आधी भरून द्यावी लागते: ‘[एक्स] =>> इदर[स्ट्रिंग, एक्स]’. स्काला २ मध्ये एवढं नीट लिहायला वेगळा प्लगइन लागायचा. पण सगळं काम एकट्या फ्यूचरवर भागत असेल तर एफ आणूच नका. कोड वाचणारा नवा पोरगा हैराण होतो आणि पदरात काही पडत नाही.

खरी अडचण वारसा आणि ‘एफ[_]’ एकत्र आले की. ‘सम’ (Some) म्हणजे व्हॅल्यू असलेला ऑप्शन. ‘सम(५)’ लिहिलं की टाइप ठरतो सम[इंट], ऑप्शन[इंट] नव्हे. फंक्टर म्हणजे आतल्या व्हॅल्यूवर ‘मॅप’नं काम करायची सोय. कॅट्स या स्कालाच्या लायब्ररीत फंक्टर[ऑप्शन] मिळतो, फंक्टर[सम] नाही. आणि सम हा ऑप्शनचा उपवर्ग असला तरी एकाचा फंक्टर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ‘ऑप्शन(५)’ लिहा, नाहीतर टाइप हातानं द्या. स्वतःचे टाइप इनममध्ये (ठरलेल्या पर्यायांचा टाइप) लिहिले तर स्काला ३ मूळ टाइपच धरते.

दुसरा घोळ जास्त छळतो. मोनाड (एकामागून एक पायऱ्या जोडणारा) आणि ट्रॅव्हर्स (आतल्या प्रत्येक व्हॅल्यूवरून फिरणारा) दोघंही फंक्टरचे वारस. फंक्शननं एफसाठी दोन्ही मागितले आणि आत ‘मॅप’ वापरला, की कोणाकडचा फंक्टर घ्यायचा हे ३.३ ला ठरवता येत नाही आणि संदिग्धतेचा एरर येतो. कोड मात्र दिसायला अगदी निर्दोष. तिथं ‘मोनाड[एफ].मॅप’ असं नाव घेऊन बोलवावं लागतं.