हाताचं पेडल की पोहण्याचा तलाव?
मणक्याच्या दुखापतीने कमरेखालचं बळ गेलं, तरी दम वाढवायला दोन चांगले मार्ग आहेत: हाताने फिरवायचं पेडल आणि पोहणं. सुरुवात पेडलनेच करा, असं मी सांगेन. ते टेबलावर बसतं. व्हीलचेअर समोर लावली की झालं. 2018 च्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार आठवड्यातून दोनदा, किमान 20 मिनिटं दम लागेल असा व्यायाम हवा (ताकदीचा वेगळा). तेवढं घरी जमतं. फक्त पेडलचा आस खांद्याच्या वर नको. खुर्ची ढकलणं, पलंगावर सरकणं, सगळं त्याच खांद्यांवर असतं.

पाण्यात अंग हलकं होतं, आखडलेले पाय सैलावतात. पण लघवीची, शौचाची सोय आणि सोबतीचा माणूस आधी बघावा लागतो. बेडसोअर असेल तर तलाव बंदच. टाच फरशीवर घासली तरी कळत नाही, म्हणून मोजे घालाच.

तरी पाण्याची ताकद मोठी. सांगलीचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये पॅरालिम्पिकचं (अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकचं) सुवर्णपदक जिंकले.

दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा वर असेल, तर दोन्हींसाठी आधी डॉक्टरांना विचारा. अचानक डोकं ठणकलं, घाम फुटला, तर लगेच थांबा, ताठ बसवा, रक्तदाब तपासा.