आठ महिने स्प्रे पॉलिश वापरलं, आता लाकडावर नाही

मागच्या महिन्यात जेवणाच्या टेबलाला नव्याने लॅकर (लाकडावरचा पारदर्शक, चकचकीत थर) मारून घ्यायला काढलं. पॉलिशवाल्याने पॉलिश पेपरने जुना थर घासला, धूळ पुसली आणि पहिला हात मारला. दोन मिनिटांत ओल्या लॅकरमध्ये गोल खळगे पडायला लागले. काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही शर्टाच्या बटणाएवढे. मध्ये लाकूड उघडं आणि भोवती लॅकरची उचललेली कड. त्याने गन बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, याच्यावर डब्यातला स्प्रे मारत होतात का?"

मारत होते. आठ महिने, दर शनिवारी.

या खळग्यांना तो फिश-आय म्हणाला. बहुतेक चकचकीत स्प्रेमध्ये सिलिकॉन तेल असतं. त्यानेच लगेच चमक येते, हात गुळगुळीत फिरतो आणि बारीक चरे दिसेनासे होतात. पण या तेलाचा पृष्ठताण, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागाला आकसून धरणारी ओढ, फार कमी असतो, त्यामुळे जिथे त्याचा अंश राहिलाय तिथे ओलं लॅकर पसरतच नाही, मागे सरकतं. जुन्या थराच्या भेगांतून, सांध्यांतून हे तेल खाली लाकडात उतरतं. आणि आधी न धुता घासलं, तर पेपरबरोबर ते सगळीकडे फासलं जातं. आमचं नेमकं तेच झालं होतं.

मारलेला हात थिनरने पूर्ण काढावा लागला. मग टर्पेंटाइनने चार वेळा पुसलं, दर वेळी नवं फडकं, कारण तेच फडकं फिरवलं तर तेल फक्त जागा बदलतं. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या, मेण काढलेल्या लाखेचा एक हात. लाख सिलिकॉनवरही धरते आणि खालचं तेल वर येऊ देत नाही. त्याच्यावर पुन्हा लॅकर. दोन दिवस वाया, सामान दुप्पट, आणि एका कोपऱ्यात तीन खळगे अजून आहेत. रोज तिथे बसते, रोज दिसतात.

माझा राग सिलिकॉनवर नाही, डब्यावर आहे. मागच्या बाजूला सुगंधाचं नाव आहे, 'सर्व पृष्ठभागांसाठी' असं आहे, आगीपासून दूर ठेवा असंही आहे. सिलिकॉन हा शब्द कुठेच नाही. 'पुढे पॉलिश करणार असाल तर वापरू नका' एवढी एक ओळ छापली असती, तर मी हा डबा लाकडाजवळ नेलाच नसता. फर्निचर वीस-तीस वर्षं राहतं, त्यात त्याला एकदा तरी पुन्हा पॉलिश होणारच. जी वस्तू त्या दिवशी आड येणार आहे, तिच्यावर तसं लिहिलेलं असायलाच हवं. मी ग्राहक सेवेला हे विचारलं. 'आमचं उत्पादन लाकडासाठी सुरक्षित आहे' एवढंच उत्तर आलं. लाकडाला इजा होत नाही हे खरंच आहे. मी विचारलं होतं ते पुढच्या पॉलिशबद्दल. दुसऱ्यांदा लिहिलं, त्याला उत्तर नाही.

आता मेणाच्या डब्याबद्दल, आणि इथे मला माझंच मत मागे घ्यायचंय. स्प्रे सुरू करून तीन महिने झाले तेव्हा मधमाश्यांचं मेण आणि कार्नोबा (एका पामच्या पानांवरचं) मेण असलेला २०० ग्रॅमचा डबा आणला होता. कपाटाच्या दारांना लावला, मायक्रोफायबरने पुसला, आणि उजेडात सगळे ढगाळ पट्टे. पुन्हा पुसलं, पट्टे फक्त दिशा बदलायचे. मेण बेकार असं ठरवून डबा मागे सारला आणि पुन्हा स्प्रेकडे गेले. मैत्रिणीलाही 'घेऊ नकोस' म्हणून सांगितलं.

टेबलाच्या प्रकारानंतर तोच डबा काढला. मायक्रोफायबरची फडकी धुवायला टाकलेली होती, म्हणून जुना सुती बनियन फाडून घेतला. एकही पट्टा नाही. तेच मेण, तीच दारं. दोष फडक्यात होता, आणि फडक्यात तो आला होता आमच्या धुण्यातून. मी मायक्रोफायबर बाकीच्या कपड्यांबरोबर धुऊन शेवटच्या पाण्यात फॅब्रिक कंडिशनर टाकत होते. कंडिशनर धाग्यांवर एक मऊ, तेलकट थर चढवतं; कपडे मऊ लागतात ते त्यामुळेच. मायक्रोफायबरचा सगळा उपयोग मात्र त्याच्या उघड्या धाग्यांत आहे. पॉलिस्टर आणि पॉलिअमाइडचे, एक डेनियरहूनही बारीक धागे, म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं वजन एक ग्रॅमही भरत नाही. त्यांच्या फटींत धूळ आणि पाणी अडकतं. त्या फटी बुजल्या की फडकं टिपत नाही, उलट स्वतःवरचा थर दारावर सोडतं. स्प्रेच्या तेलात हे पट्टे झाकले जात होते, म्हणून स्प्रे चांगला आणि मेण वाईट असं वाटत राहिलं.

फडकी फेकली नाहीत. नुसत्या डिटर्जंटमध्ये, ४० अंशांच्या पाण्यात, कंडिशनरशिवाय वेगळी धुतली. पहिल्या धुण्यात फरक थोडा, तिसऱ्या धुण्यानंतर पाण्याचा थेंब पुन्हा झटकन शोषला जायला लागला. टॉवेलांनाही कंडिशनर बंद केलंय. अंग लवकर कोरडं होतं आणि एका बाटलीचा खर्च वाचला. मैत्रिणीला फोन करून मेणाबद्दलचं बोलणं परत घेतलं.

मेण लावताना मी सुरुवातीला दुसरी चूकही करत होते, ती म्हणजे फार जास्त लावणं. नखाएवढं मेण फडक्यावर घ्यायचं, रेषांच्या दिशेने पातळ पसरायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि स्वच्छ सुती फडक्याने जोर लावून चोळायचं. चमक चोळण्याने येते, जाड थर दिला तर चिकट होतो आणि धूळ धरतो. 'लाकडाला पोषण' असं डब्यावर लिहिलंय, ते मला पटत नाही. लॅकर असलेल्या लाकडात मेण शिरत नाही, वरच राहतं. पण वर राहून ते ओरखडे कमी करतं, तेवढं मला पुरे आहे. हात दुखतात हे खरं. पण स्प्रेचा डबा पाच आठवड्यांत संपायचा आणि मेणाचा डबा अजून पाव भागही गेलेला नाही. वर्षातून दोनदा लावायचं, मधे फक्त ओलसर फडकं.

मेणाची फडकी धुण्याच्या भानगडीत पडू नका. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नोबा ८० च्या पुढे. ४० अंशांच्या पाण्यात ते निघत नाही, उलट माझ्या दोन पांढऱ्या कुर्त्यांवर त्याचे डाग बसले. जुन्या कागदात ठेवून इस्त्री फिरवली तेव्हा बरंचसं निघालं. आता मेणाचं फडकं मेणालाच, एका झाकणाच्या डब्यात. जवसाचं तेल वापरणाऱ्यांनी मात्र भिजलेलं फडकं चुकूनही गोळा करून ठेवू नये. ते तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेटू शकतं. मोकळ्या हवेत सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

या सगळ्यात जी वस्तू मी जेमतेम कुतूहल म्हणून घेतली, तिने सगळ्यात जास्त आनंद दिला. सोडियम परकार्बोनेटची भुकटी. गरम पाण्यात टाकली की हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा असे दोन भाग होतात. थंड पाण्यात फार सुस्त, ४० अंशांच्या वर खरी जागी होते. पिवळे पडलेले टेबलक्लॉथ रात्रभर भिजवले आणि सकाळी पांढरे निघाले. हातात घेऊन दारापाशी उजेडात पाहत उभी राहिले. लोकर आणि रेशमाला नको, तिथे क्षार नुकसान करतो. आणि द्रावण बाटलीत भरून झाकण लावू नका, वायू साठून बाटली फुटते. लागेल तेवढंच करा.

स्प्रेचा अर्धा डबा अजून आहे. फेकणार नाही. सनमायकाचं स्वयंपाकघरातलं कपाट कधीच पुन्हा पॉलिश होणार नाही, तिथे तो उत्तम चालतो. फक्त आधी फडक्यावर मारते, हवेत नाही, कारण फरशीवर उडाला तर पाय घसरतो. पलंग आणि खुर्च्या आता टर्पेंटाइनने पुसायला घेतल्यात. खुर्चीच्या हातांवर स्प्रे सर्वात जास्त बसलाय, तिथे पाचवं फडकं चाललंय आणि लाकूड अजून निसरडं लागतं.