वैदर्भीय उन्हाळ्यात आरटीएक्स 4080 सुपर

ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणांत छापलेली तापमाने बहुधा 20 ते 25 अंशांच्या वातानुकूलित खोलीतली असतात. हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि घरात गारव्याचा आधार म्हणजे खिडकीतला कूलर, त्यामुळे त्या आकड्यांवर विसंबून एवढा पैसा घालवणे मला पटले नाही. एनव्हिडियाचे जानेवारी 2024 मध्ये बाजारात आलेले आरटीएक्स 4080 सुपर हे ग्राफिक्स कार्ड (गेममधली दृश्ये तयार करणारा संगणकाचा भाग), त्यातही तीन पंख्यांचे आणि जाडजूड हीटसिंकचे (उष्णता शोषून बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पात्यांचे) मॉडेल, मी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात वापरून पाहिले.

थंडीत खोली 22 अंशांवर असताना जड गेम खेळताना कार्ड 63 अंशांवर स्थिरावत असे. मे महिन्यात कूलर चालू असूनही खोली 36 अंशांखाली उतरत नव्हती, तेव्हा ते 74 अंशांवर राहिले. खोली 14 अंशांनी तापूनही कार्ड 11 अंशांनीच तापले, कारण मधली तफावत पंख्यांनी वेग वाढवून भरून काढली. कंपनीने सांगितलेली 90 अंशांची कमाल मर्यादा त्यामुळे बरीच दूर राहते. तापमान चढले की क्लॉक, म्हणजे चिपच्या कामाचा वेग, किंचित उतरतो, पण खेळताना ते जाणवत नाही. पंख्यांच्या आवाजाबद्दल तक्रार करावी, तर कूलरच्या घरघरीपुढे तो ऐकू तर यायला हवा!

मात्र कार्ड थंड राहिले म्हणून उष्णता नाहीशी होत नाही. 320 वॅटपर्यंत वीज खाणारे हे यंत्र तेवढीच उष्णता खोलीत सोडते, आणि टिनाच्या छताखाली दुपारी ती असह्य होते. यावर उपाय म्हणजे पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यावी ती मर्यादा) 75 टक्क्यांवर, म्हणजे 240 वॅटवर, आणणे. फ्रेम्स (दर सेकंदाला पडद्यावर उमटणारी चित्रे) थोड्याच कमी होतात आणि खोलीतला फरक लगेच कळतो. मार्च ते जून मी कार्ड असेच चालवतो. काम नसताना पंखे बंद ठेवण्याची सोय मात्र इथे फसते, कारण तापलेल्या खोलीत कार्ड स्वस्थ असतानाही पंखे सुरू होण्याच्या तापमानाच्या आसपास घोटाळते आणि पंखे सारखे चालू-बंद होत राहतात. किमान वेग ठरवून ते सतत फिरते ठेवणेच बरे.

संगणकाचे कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. बोअरच्या जड पाण्याचे तुषार सर्किटवर क्षार सोडून जातात. कापूस वेचणीच्या हंगामात हवेतले तंतू हीटसिंकच्या पात्यांमध्ये नमद्यासारखे बसतात, त्यामुळे दिवाळीनंतर ब्लोअरने सफाई करणे भाग आहे, आणि ती करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब होण्याची भीती असते.