जीएसटी क्रमांक कंपोझिशनमध्ये ठेवावा की रद्द करून घ्यावा?

वार्षिक उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या बरीच खाली आलेल्या लहान दुकानदारापुढे साधारणपणे दोन वाटा असतात: नोंदणी कायम ठेवून कंपोझिशन योजनेत (विक्रीवर ठरावीक टक्का कर भरण्याच्या सोप्या पद्धतीत) जाणे किंवा नोंदणीच रद्द करून घेणे. कराडमधील माझ्या स्टेशनरीच्या दुकानाची उलाढाल सोळा लाखांवर आली, तेव्हा मी आधी पहिली वाट धरली आणि तीन वर्षांनी दुसरी.

निव्वळ पैशाचा विचार केला तर कंपोझिशन जड नाही. करपात्र विक्रीवर १ टक्का भरायचा, तोही ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली आणि खोडरबर करमुक्त झाल्यामुळे आमच्या धंद्यात ही रक्कम आणखी कमी होते. नियमित नोंदणीतून येणाऱ्याला शिल्लक मालाच्या खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट दोन्ही वाटांनी परत करावी लागते. फरक इतकाच की, रद्द करताना ती वजावट आणि त्या मालाच्या विक्रीवर लागणारा जीएसटी यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती भरावी लागते.

माझा निर्णय मात्र पैशामुळे झाला नाही, तो जीएसटीआर-४ या वार्षिक विवरणपत्रामुळे झाला. दर तिमाहीला सीएमपी-०८ हा कर भरण्याचा फॉर्म भरून कर वेळेवर चुकता केलेला असला, तरी वर्षाची विक्री जीएसटीआर-४ च्या सहाव्या तक्त्यात पुन्हा दरानुसार भरावी लागते. एका वर्षी माझ्याकडून तो तक्ता रिकामा राहिला. पोर्टलने वर्षाची देयता शून्य धरली आणि चारही तिमाहींत भरलेला कर ‘निगेटिव्ह लायबिलिटी स्टेटमेंट’मध्ये माझ्या नावे जमा दाखवला. पुढच्या तिमाहीला देय रक्कम शून्य दिसली, तेव्हा हिशेब बरोबर असेल असे समजून मी पैसे भरले नाहीत. दाखल केलेले जीएसटीआर-४ दुरुस्त करता येत नाही. अखेरीस करसल्लागारांच्या सांगण्यावरून राहिलेली रक्कम व्याजासह डीआरसी-०३ या, स्वतःहून कर भरण्याच्या फॉर्मने भरली आणि तो हिशेब जुळवण्यात ऐन जूनमधला, शाळा सुरू होण्याच्या गर्दीतला एक आठवडा गेला. ज्यांचे विवरणपत्र जाणकार माणूस भरतो त्यांना हा त्रास कदाचित कधीच होणार नाही. पण दुकान एकट्याने सांभाळणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

कंपोझिशनच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. दुकानात झेरॉक्स मशीन असेल तर ती सेवा ठरते. मग केवळ मालाच्या विक्रीसाठी असलेली ४० लाखांची मर्यादा लागू होत नाही, २० लाखांची होते. उलाढाल पॅननिहाय, म्हणजे एका पॅनवरच्या सगळ्या धंद्यांची मिळून मोजली जाते आणि करमुक्त मालही तिच्यात धरला जातो. त्यामुळे अठरा-एकोणीस लाखांवर झेरॉक्सही करणाऱ्याने क्रमांक ठेवलेलाच बरा. एरवी मी रद्द करण्याकडेच झुकेन.

रद्द करण्याचा आरईजी-१६ हा अर्ज मला तुलनेने सोपा वाटला. माझे काही परिचित मात्र आदेश हाती आला की काम संपले असे समजले. खरे तर नियमित नोंदणी रद्द करून घेणाऱ्याला त्यानंतर तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये विलंब शुल्क चढत जाते. व्यवसाय कराची नोंदणी वेगळी असते, ती आपोआप बंद होत नाही. आणखी एक काम आदेश आल्याच्याच आठवड्यात करावे: सगळ्या घाऊक व्यापाऱ्यांना क्रमांक रद्द झाल्याचे लेखी कळवावे. मी ते तोंडी सांगितले होते, आणि पुढचे दोन महिने त्यांची बिले जुन्याच क्रमांकावर येत राहिली.