सकाळ लावून देणारा दोन बँडचा ट्रान्झिस्टर

गेल्या पावसाळ्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून १,३०० रुपयांना घेतलेल्या एका साध्या ट्रान्झिस्टरविषयी हा अभिप्राय आहे. मिडीयम वेव्ह आणि एफएम असे दोनच बँड, एक आवाजाचे चक्र, एक स्टेशन लावण्याचे चक्र, मागे दोन मोठ्या सेलची जागा आणि विजेवर चालवण्यासाठी एक वायर, एवढाच त्याचा संसार आहे. या घडणीचे संच अनेक कंपन्या काढतात, त्यामुळे नावाला फारसे महत्त्व नाही. दुकानदाराने मात्र पहिलाच प्रश्न नेमका विचारला होता : “आकाशवाणी ऐकायचीय ना? मग नुसता एफएमवाला नेऊ नका, साहेब.”

संच घेण्यामागे गाण्यांची हौस नव्हती. पन्नाशी ओलांडल्यावर सकाळला काही शिस्त असावी असे वाटू लागले, म्हणून मी पहाटे पाचपासूनचा एक तक्ता आखला होता, ज्यात कोमट पाणी, प्राणायाम, फिरणे, वाचन आणि रोजनिशी असे सगळे मिनिटांच्या हिशेबाने मांडलेले होते. तो अकराव्या दिवशी मोडला. त्यातली कामे अवघड नव्हती; अवघड होते ते दर दहा मिनिटांनी वेळ पाहण्यासाठी मोबाइल उचलणे, कारण एकदा तो हातात आला की नातेवाइकांच्या ग्रुपवरची सुप्रभाताची फुले पाहण्यातच प्राणायाम उरकत असे. तेव्हा लहानपणचे घर आठवले. तिथे वेळ कोणी पाहत नसे, ती कानावर पडे. बातम्या लागल्या की दप्तर भरायचे, एवढे आम्हा भावंडांना पुरेसे होते.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि मिडीयम वेव्हवर ते ७९२ किलोहर्ट्झला लागते. सकाळी सहाच्या थोडे आधी प्रसारणाची ती ओळखीची धून वाजते. युरोपातून मुंबईत येऊन राहिलेले संगीतकार वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ मध्ये ती बांधली. तंबोऱ्याच्या सुरावर व्हायोलिन चढत जाते, तेव्हा मी ओट्यापाशी तांब्याभर पाणी पीत उभा असतो. पुढे वंदे मातरम्, मग मंगलध्वनीची सनई, आणि सनई सुरू झाली की दुधाचे पातेले गॅसवर चढते. भक्तिगीते लागली की तिथेच खुर्चीची पाठ धरून कंबरेचे व्यायाम करायचे. एका गाण्याला एक प्रकार, गाणे संपले की प्रकार बदलायचा. मोजायचे काही नाही आणि ठरवायचेही काही नाही. मधल्या वेळात चहा आणि गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी होते, आणि सात वाजून दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्यांना दाढी. निवेदकाने ‘बातम्या संपल्या’ म्हटल्यावर मी आंघोळीला गेलो नाही, तर आता घरातलेच विचारतात. जुन्या तक्त्यातली रोजनिशी गेली, फिरणे रविवारवर गेले, आणि त्याची खंत वाटत नाही.

हीच वाहिनी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये अधिक स्वच्छ ऐकू येते, हे मान्य केले पाहिजे. परंतु इंटरनेटवरून येणारे प्रसारण मूळ प्रसारणाच्या काही सेकंद तरी मागे असते, आणि मुख्य म्हणजे ते ऐकण्यासाठी पुन्हा मोबाइलच उघडावा लागतो. या संचात गाणे पुढे ढकलण्याची सोय नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण आहे.

आता स्टेशन किती स्वच्छ लागते याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण येथेच बहुतेकांची निराशा होते. पहिल्या दिवशी संचातून नुसती खरखर आली आणि मी तो परत करायला निघालो होतो. मग लक्षात आले की ओट्यावरची एलईडी ट्यूब बंद केली की खरखर निम्म्याने उतरते आणि शेजारच्या सॉकेटमधला मोबाइलचा चार्जर काढला की उरलेलीही जवळजवळ जाते. लांब ओढून काढण्याची चकचकीत दांडी मिडीयम वेव्हसाठी नसतेच, ती एफएमसाठी असते. मिडीयम वेव्हची अँटेना म्हणजे पेटीच्या आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी. तिचे टोक प्रक्षेपकाकडे आले की आवाज पडतो आणि तिची बाजू तिकडे आली की तो भरतो, म्हणून दांडी वरखाली करत बसण्याऐवजी पूर्ण संच हळूहळू फिरवून पाहावा. आमच्याकडे तो खिडकीच्या कट्ट्यावर, भिंतीशी किंचित तिरका ठेवल्यावर उत्तम लागतो, आणि पुसताना हलू नये म्हणून त्याच्या पायांपाशी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. विजा चमकत असताना मात्र कडकडाट ऐकावाच लागतो. त्याला इलाज नाही.

आवाज बातम्यांना आणि सनईला चांगला आहे, तबल्याच्या बायाँला कमी पडतो. सेलवर रोजचे दीड तास धरून सुमारे दोन महिने निघतात. विजेवर लावला तर बारीक गुणगुण येते, म्हणून मी सेलच वापरतो. गजराची सोय नाही, त्यामुळे उठण्यासाठी उशाशी वेगळे घड्याळ लागते. स्टेशनचा काटा आकड्यांशी तंतोतंत जुळत नाही. ७९२ हे स्टेशन माझ्या संचावर ८०० च्या बरेच पुढे सापडते, पण एकदा लावल्यावर ते चक्र मी पुन्हा फिरवलेलेच नाही. खरी तक्रार सेलच्या झाकणाची आहे. त्याची प्लास्टिकची खिट्टी नखाएवढी पातळ आहे, ती तिसऱ्यांदा सेल बदलताना तुटली, आणि नुसते झाकण वेगळे मिळत नाही असे दुकानात सांगण्यात आले. सध्या ते दुधाच्या पिशव्यांच्या दोन रबरबँडांनी बांधलेले आहे.